मौतीची पत्रं

जरा जवळ सरका बघू. मोबाइल चिवडत लांब बसायला आलात का इथं? आणि आमच्या वन्संना ‘झाडवाली वेडी’ म्हणालं कोण मघाशी? शोभतं का तुम्हांला? साऱ्या देवास जिल्ह्यात झाडाचं सुतक पाळणारी बाई एकच झाली, ती आमच्या वन्सं. ह्यांच्या थोरल्या बहीण, कन्नौदच्या शाळेत मास्तरीण.

कन्नौदपुढच्या डोंगरावर सालई, धावडा, अंजनाचं जुनं रान होतं. नव्वदीच्या सुमाराला एका ठेकेदारानं ते तोडायला घेतलं. खाट-पाट करायलाही नाही हो! आख्खं झाड यंत्रात घालायचं, बोटभर छिलपे करायचे नि ट्रक भरभरून कागदाच्या कारखान्याला धाडायचे. आजोबांच्या वयाचा अंजन, तुमचा चहा होईस्तो भुगा! आजही आठवलं की अंग पेटतं माझं. झाड पडल्याचं कळलं की वन्सं डोक्यावरून न्हायच्या. घरात फोडणी बंद, पापड भाजणं बंद. माझ्या लेकाच्या साखरपुड्यात पेढा परत केला. म्हणाल्या, "वहिनी, सकाळीच धावडा गेला. गोड नको." व्याही हळूच विचारतात, हे धावडे कोण? म्हटलं, माहेरकडचे.

आणि दर झाडामागे जंगलखात्याच्या हापिसात एक पोस्टकार्ड. मौतीच्या पत्राचा कोपरा फाडतात ना, तसा फाडून! ‘आमची सालई काल आपल्या परवानगीने वारली. आता तरी कुऱ्हाड थांबवा.’ तिथला बाबू बाजारात भेटला की हात जोडायचा, "माँसाब, म्हारे रोज न्हावणो पड़े, जुकाम हुई गयो!" मौतीचं पत्र वाचलं की आंघोळ, म्हणून म्हणे त्याला सर्दी! आम्ही पोट धरून हसायचो. हसत बसलो, तिथंच फसलो.

शेवटी एकदाची जंगलखात्याच्या साहेबांपुढं सुनावणी लागली, मीही गेले सोबत. साहेबांनी फाइल चाळली नि म्हणाले, "माताजी, आपकी तो एक भी शिकायत इसमें नहीं है." वन्संनी बाबूकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "मौत की चिट्ठी कौन रखता है, साब? बाँच-बाँच के फाड़ दी." खरंच की! आपणही वाचून फाडतोच, घरात ठेवतो का? दोन वर्षांची पत्रं, सगळी गेली. साहेब वर हसले, "वैसे भी बेकार जंगल है, टेढ़े-मेढ़े पेड़." माझा तोल गेला. "सरळ तर तुमची खुर्चीपण नाही!" मी मराठीतच ओरडले. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, रीत मला ठाऊक होती. चूक माझी." म्हटलं, तुमची कशी? कुऱ्हाड कुणाची, शिक्का कुणाचा? मला त्या साहेबाचा राग आहे, तो मरेस्तोवर राहील. वन्संनी तिथंच ओट्यावर फतकल मारली, साधा अर्ज लिहिला नि बाबूकडून पोच घेतली. मग रोज एक अर्ज, रोज पोच. तोड थांबली खरी, पण तोवर पुढचा डोंगर बोडका झाला होता. नाल्यापलीकडचा तेवढा तुकडा राहिला.

आता त्यांना दूरचं दिसत नाही. तरी पाहुणा आला की काठी टेकत नाल्यापलीकडं नेतात, सालीवरून हात फिरवून एकेका झाडाची ओळख करून देतात. मागच्या खेपेला मी दोन झाडं चुकले, तर दिवसभर बोलल्या नाहीत. माझ्या डोक्यात आता राहत नाही हो. वन्संच्या मागे ती झाडं ओळखणार कोण? तुमची डोकी तरुण आहेत. या ना लवकर कन्नौदला, वन्सं हिंडत्या आहेत तोवर या.