डबल बेल

रोज पहाटे साडेपाचला आमच्या दाराची बेल दोनदा वाजे. शेजारचे दामोदरभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, पण डबल बेल दिल्याशिवाय या माणसाची सकाळ सुटत नसे. मी जन्मभर शाळेच्या घंटेवर उठलेली बाई. निवृत्तीनंतर नेरमध्ये निवांत झोपावे, एवढीच माझी इच्छा होती. तीही भाऊंनी पुरी होऊ दिली नाही.

त्यांच्या बायकोला, कमलताईंना, विसर पडू लागला होता. डॉक्टर म्हणाले, हे बरे होणारे नाही. पण रोज चालल्या, डोक्याला काम दिले, तर आजार कदाचित सावकाश वाढेल. भाऊंनी ते 'कदाचित' ऐकलेच नाही. नवऱ्यासोबत एकटीने फिरायला ताई लाजत, म्हणून शिक्षा मला. चालता चालता भाऊंच्या जुन्या यवतमाळ-अमरावती रूटचे थांबे उलटे म्हणायचे: अमरावती, बडनेरा, नांदगाव, नेर, यवतमाळ. मी चुकले तरी पुन्हा पहिल्यापासून. कुरकुर केली की उत्तर ठरलेले, "पाय थांबले का डोकसंई थांबते, बाई."

एकदा त्यांनी ताईंना चिठ्ठीशिवाय पाच वस्तू आणायला आठवडी बाजारात पाठवले. लपत मागे जायचे काम अर्थात माझे. ताईंनी पाच दुकानांतून पाच जुड्या सांबार घेतला, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि खुशीत परतल्या. मी भाऊंवर तोंड सोडले, कशाला छळता त्या बिचारीला म्हणून. त्यांनी शांतपणे जुड्या सोडल्या. "आज सांबारवड्याच करायच्या होत्या. तिले बरोबर ध्यानात राह्यलं." मग संध्याकाळपर्यंत सांबार निवडत बसले, मलाही बसवले.

गेल्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. मला रडू आले, आणि रागही आला. दुसऱ्याला उठवणाऱ्याने असे जावे?

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल दोनदा वाजली. दारात कमलताई, पायात बूट, मागे घाबरलेली सून. आम्ही निघालो. ताईंनी सगळे थांबे उलटे म्हटले, एकदाही चुकल्या नाहीत. मग थबकून मागे पाहिले.

"बाई, आपल्यासंगं येत होता तो माणूस काहून नाही आला?"

"ड्यूटीवर गेलेत," मी कशीबशी म्हणाले.

"मंग आपण कायले थांबलो?" आणि त्या चालू लागल्या.

आता मी पाचलाच जागी असते. बेल दोनदा वाजेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.