साडूंचा शब्द

माझ्या थोरल्या साडूंइतका इंग्रजी शब्दांवर जीव टाकणारा माणूस खुद्द इंग्लंडातही सापडायचा नाही, आणि आयुष्यात मला त्यांच्याइतका हेवा दुसऱ्या कुणाचाही वाटलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं ते तुम्हाला कळेल. वास्तविक हेवा त्यांना माझा वाटायला हवा. इंग्रजी हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. इथे कन्नड मुलखात, इंदिरानगरातल्या एका कचेरीत बसून इंजिनिअर मंडळींनी लिहिलेलं गुंतागुंतीचं इंग्रजी मी गेली वीस वर्षं सोपं, नीटस आणि बिनचूक करतो आहे. साडू निपाणीकडचे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग डिप्लोमा, आणि तेव्हापासून येलहंक्याजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात सुपरवायझर. पण आमच्या सासुरवाडीत इंग्रजीचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतात. मी तिथे फक्त धाकटा जावई असतो.

साडूंचा एक नेम आहे. लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, तसा यांनी बारमाही नेम धरला आहे. रोज सकाळी अंघोळीनंतर जाड डिक्शनरी उघडायची, पूर्वी कधीही न ऐकलेला एक शब्द काढायचा, तो जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर देवनागरीत लिहायचा आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवायची. दिवे लागायच्या आत तो शब्द तीन जिवंत माणसांवर वापरून झाला पाहिजे, नाहीतर रात्रीचं जेवण नाही. यात शब्दाला जागा मिळेपर्यंत थांबायची सोय नसते. साडू शब्दासाठी जागा तयार करतात. एकदा जेवणानंतर त्यांनी माझ्यापुढे बडीशेप धरली आणि म्हणाले, "घ्या साडभाऊ, पोस्टप्रँडियल बडीशेप!" मी म्हटलं, बडीशेप जेवणानंतरच खातात, वेगळं सांगायला कशाला हवं? ते म्हणाले, "बडीशेप खावा न खावा, माझा तिसरा माणूस झाला!"

एके दिवशी नशिबी 'डिफनेस्ट्रेशन' आला. म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणं. आता भल्या माणसाला असा शब्द दिवसातून तीनदा कुठे लागणार? संध्याकाळचे साडेपाच झाले तरी साडू कोरडेच. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून केळ्याचं साल खाली पडलं. दुसरा कुणी भांडायला गेला असता. साडू धावत जिना चढले आणि दार उघडणाऱ्या आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सार्, वंडरफुल डिफनेस्ट्रेशन!" आजोबा, त्यांच्या सूनबाई आणि आवाज ऐकून आलेला वॉचमन, अशी तीन माणसं एका दमात झाली. आजोबांनी त्यांना कॉफी पाजली. साल मात्र वॉचमननेच उचललं.

लोकांना याचा राग येत नाही, उलट आवडतं, हीच माझी खरी पोटदुखी. एकदा आम्ही दोघं येलहंक्याहून देवनहळ्ळीला रिक्षाने निघालो होतो. रिक्षावाल्याच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नव्हती. साडू म्हणाले, "स्वल्प थांबा अण्णा. यू आर लोक्वेशस." मी मनात म्हटलं, आता उतरावं लागणार. पण साडूंनी त्याला कन्नडमध्ये अर्थ समजावला, आणि तो माणूस असा काही खूष झाला की, महिन्याभराने तो शब्द त्याच्या रिक्षाच्या पाठीवर पिवळ्या रंगात झळकताना मी या डोळ्यांनी पाहिला. वीस वर्षांत माझा एकही शब्द कुणी कशावर रंगवला नाही.

सासूबाईंना त्यांनी 'मॅग्नॅनिमस' बहाल केला. नंतर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच अर्थ विचारला. मी म्हटलं, मोठ्या मनाची. त्या हिरमुसल्या. "एवढंच होय? थोरल्या जावयांनी सांगितला तेव्हा केवढा मोठा वाटला होता!"

इथपर्यंत मी सोसलं. पण माझी मुलगी त्यांच्या नादी लागली, तेव्हा मला हे जड जाऊ लागलं. साडूंना मूलबाळ नाही. ही दर रविवारी येलहंक्याला जायची आणि खिसाभर चिठ्ठ्या घेऊन यायची. नववीत तिने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. भाषण इंग्रजीत होतं. बाप इंग्रजीवरच जगतो हे तिला माहीत होतं. तरी ती भाषण घेऊन गेली साडूंकडे. त्यांनी त्यात अकरा शब्द घातले. मी म्हटलं, हे काढ, कुणाला कळणार नाही. तिने काढले नाहीत. स्पर्धेत परीक्षक पहिल्या चार शब्दांना माना डोलावत होते, नंतर एकमेकांकडे बघू लागले. बक्षीस मिळालं नाही. मला बरं वाटलं. बापाने असं लिहू नये, पण बरं वाटलं.

बाहेर येऊन पाहतो तर दोघं शाळेच्या फाटकाशी मसाला लावलेली काकडी खात हसताहेत. "अकराचे अकरा खपले बघा साडभाऊ!" साडू म्हणाले. मी मुलीला म्हटलं, "मी सांगितलं होतं तुला." तिचं हसू थांबलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही चुका काढता. काका शब्द देतात."

त्यानंतर तिने मला लिहिलेलं काही दाखवलं नाही. निबंध नाही, अर्ज नाही, साधा वाढदिवसाचा मजकूर नाही. चार वर्षं मी वाट पाहिली. मी लाल पेन घरात आणायचं सोडलं, तेही तिला कळलं नसावं.

आता ती शिकायला परगावी आहे. गेल्या आठवड्यात सकाळी कचेरीत पोचतो तो मोबाइलवर तिचा इंग्रजी लेख आला. कॉलेजच्या अंकात छापून आलेला, होस्टेलच्या खानावळीवर लिहिलेला. सोबत एकच ओळ होती, "बाबा, वाचा."  पण तोच लेख तिने साडूंनाही पाठवला होता, हे मी लगेच बायकोला फोन करून काढून घेतलंच. लेख छान होता. अगदी साधा, स्वच्छ. तरी सवयीने मला दोन चुका दिसल्या आणि मी त्या लिहायलाही घेतल्या. एवढ्यात साडूंचा फोन आला.

"वाचलासा काय?" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी डिक्शनरी घेऊनच बसलो होतो बघा. पण उघडायलाच लागली नाही. सगळं कळालं मला. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"चांगलं आहे की मग."

"चांगलंच हाय हो. तुमचं वळण आलंय तिच्या हाताला." मग तेच म्हणाले, "एवढ्या चिठ्ठ्या दिल्या पोरीला. दोनदा वाचलं. म्हटलं, एखादा तरी घातला असंल कुठंतरी. असू दे. सरी, बरं मग, कारखान्याचा भोंगा झाला, ठेवतो."

चार वर्षं ज्याची वाट पाहिली, ते मला मिळालं होतं, आणि ते मला त्यांच्या तोंडून कळलं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर फोन केला नसता. म्हणजे इथेही तेच वरचढ. मी लिहिलेल्या दोन दुरुस्त्या पुसल्या आणि लेख पुन्हा उघडला. या खेपेला चुका शोधत नव्हतो. साडूंचा एखादा शब्द कुठे निसटून आला आहे का, ते एकेका ओळीवर बोट ठेवून पाहत होतो. एक जरी सापडला असता, तरी मी त्यांना लगेच फोन केला असता. एकही नव्हता.