मुलुंडची थंडी आणि गोणपाटाखालचा बर्फ

सोसायटीची कमिटी गच्चीवर ओल शोधायला आली तेव्हा मी एका गोणपाटावर उभा होतो आणि गोणपाटाखाली बर्फ होता. तळपायाला मुंग्या येत असताना चेहरा हसरा ठेवणं किती अवघड असतं, हे सांगून कळायचं नाही.

ओल आमच्या शेजारच्या काकूंच्या छताला आली होती. त्यांचं आणि आमचं, दोन्ही घरं वरच्याच मजल्यावर. काकूंच्या मुलीचा साखरपुडा घरातच व्हायचा होता, म्हणून हॉल नुकताच रंगवलेला. आणि भर जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, त्या नव्या पांढऱ्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. प्लंबर येऊन गेला, तिथून पाइपच जात नाही म्हणाला. मग सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. काकूंच्या हॉलच्या बरोबर डोक्यावर माझ्या बायकोची बाग.

बाग म्हणजे कढीपत्ता, गवती चहा, अळू, तुळस आणि तिच्या आईच्या घरून आणलेला मोगरा. आई गेली, ते घर विकलं गेलं, मोगरा तेवढा राहिला. कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, कुंड्या हलवा. बायको शांतपणे उभी राहिली. म्हणाली, "माझ्या बागेतलं पाणी स्लॅबवर आलेलं दाखवा. त्याच दिवशी सगळ्या कुंड्या मी स्वतः खाली नेते."

तिला खात्री होती. ती प्रत्येक कुंडीला मोजून मग्गाभर पाणी घालते, खाली थाळ्या ठेवते. सगळ्यात जोरात मान मी हलवली. घरी येऊन हात धुताना मला बर्फ आठवला.

आता बर्फाचं सांगतो. बागेच्या कोपऱ्यात, निळं पिंप अर्धं कापून, मी ब्रसेल्स स्प्राउट्स लावले होते. एका उंच दांड्याला लिंबाएवढे कोबी लगडतात, ते. मॉलमध्ये पाकिटात मिळतात आणि कोणी घेत नाही. माझा घाटकोपरचा मेहुणा म्हणाला होता, दाजी, हे थंड प्रदेशातलं पीक आहे, मुंबईत कसलं येतंय. मी म्हणालो, घाटकोपरला येत नसेल, मुलुंडला थंडी असते. आम्हा मुलुंडकरांना ही एक खोड आहे. मागे डोंगर आहे म्हणून आम्ही डिसेंबर लागला की स्वेटर काढतो आणि उरलेल्या मुंबईकडे जरा दयेनं बघतो.

झाड जोमात वाढलं. पानांच्या बेचक्यांत बारीक डोळे फुटले. पण ते घट्ट होईनात, थंडी लागते म्हणे त्यांना. डोंगर काही करेना, तेव्हा मी मासळी बाजार गाठला. तिथली एक मावशी आदल्या दिवसाचा उरलेला बर्फाचा चुरा मला पिशवीत भरून द्यायची. मी गुडघे शेकायला नेतो असं सांगितलं होतं. पिशवीच्या आकाराकडे बघून ती हळहळली, "दोनी गुडघं गेलं काय रं, दादा?" रोज सकाळी मी तो चुरा झाडाच्या बुंध्याशी आणि पिंपाभोवती रचायचो, वर गोणपाट टाकायचो. बायकोला सांगितलं होतं, मुळांना ऊब. वितळलेलं पाणी कुठे जात असेल हा प्रश्न मला, खरं सांगतो, पडलाच नव्हता.

मीटिंगनंतर थांबायला हवं होतं. पण नेमके त्याच आठवड्यात डोळे जरा आवळल्यासारखे दिसायला लागले. कमिटी रविवारी संध्याकाळी बघायला येणार होती. सकाळी शेवटचा बर्फ टाकू, उन्हानं दुपारपर्यंत सगळं वाळेल, असा मी विचार केला. चेअरमनना संध्याकाळी लग्नाला जायचं निघालं आणि सगळे सकाळीच वर आले. बायको, काकू, सेक्रेटरी, चेअरमन. मला सुचलं ते एवढंच, गोणपाटावर उभं राहणं.

सेक्रेटरींनी एकेक थाळी उचलून पाहिली. कोरडी. चेअरमननी कढीपत्त्याखाली हात फिरवला. कोरडं. बायको हाताची घडी घालून उभी, चेहऱ्यावर काही नाही, पण मला माहीत होतं, ती जिंकत होती. अजून मोगरा राहिला होता, मग कोपरा, मग मी. मी थंडीवर बोलायला लागलो. यंदा कशी आहे, गेल्या वर्षी कशी होती. दात वाजत असल्यामुळे ते पटण्यासारखं होतं.

तेवढ्यात सोसायटीची मांजर आली. इतक्या माणसांतून वाट काढत सरळ माझ्या पायाशी. तिनं गोणपाट हुंगलं आणि नखांनी ओढायला सुरुवात केली. मी पायानं सारली. ती परत आली. सेक्रेटरी म्हणाले, "हिला काय मिळालंय तिथे?" आणि त्याच वेळी गोणपाटाखालून पाण्याची बारीक रेघ निघाली, उताराला लागली आणि त्यांच्या चपलेला वळसा घालून पुढे गेली.

पहिल्यांदा बायकोनं पाहिली. तिनं रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वळली, वाकली आणि मोगऱ्याची कुंडी उचलली.

"अगं, ठेव ती," मी म्हणालो. "हे पाणी तुझ्या कुंड्यांचं नाही." मी बाजूला झालो आणि गोणपाट ओढलं. सेक्रेटरींनी वाकून एक खडा उचलला, नाकाशी नेला आणि लांब धरला. "बर्फ? बोंबलाचा?"

"थंडी कमी पडत होती," मी म्हणालो.

कोणीच हसलं नाही. चेअरमन घसा साफ करून म्हणाले, ह्यांनी आणलेलं असलं तरी शेवटी पाणी बागेचंच. बायको म्हणाली, "बरोबर आहे. पिंप माझ्या बागेत आहे. शब्द मी दिलाय." आणि कुंडी घेऊन जिन्याकडे निघाली. तिच्या आईनं लावलेलं झाड, खाली ऊन नाही, आठवड्यात जाईल, हे मला कळत होतं आणि मी हातात ओलं गोणपाट धरून उभा होतो.

जिन्याच्या दारात काकू आडव्या आल्या. रोज सकाळी याच बागेतून दोन डहाळ्या कढीपत्ता न्यायच्या त्या.

"छत कोणाचं गळतंय? माझं ना? मग मी सांगते," त्या म्हणाल्या. "कुंड्या राहू देत. ह्याला खाली ने."

तसंच झालं. गच्चीची किल्ली बायकोकडे गेली आणि मला वर जायची बंदी झाली. पिंप आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आलं. तिथे ते डोळे घट्ट व्हायचे सोडून कोमट वाऱ्यात गुलाबासारखे उलगडले. बायकोनं ते हरभऱ्याची डाळ घालून परतले आणि वाटीभर काकूंकडे पाठवले. कोबीच आहे की, असा निरोप आला.

ओल वाळल्यावर छत रंगवायची शिक्षा अर्थात मलाच. काकूंच्या हॉलमध्ये मी स्टुलावर, बायको खाली स्टूल धरून. तोवर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. पांढऱ्यावर पांढरा लावला तरी डाग पिवळसर दिसत होता. मान मोडून आली, कपाळावरून रंग आणि घाम एकदमच ओघळला. मी बाहीनं पुसायला लागलो.

"घाम कसला पुसतोस," खालून आवाज आला. "मुलुंडला थंडी असते."