देवयानीकडे बघायची रीत

दिवेलागण उलटली की आमच्या वहिनी गच्चीवरचा दिवा बंद करतात आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत कुणाला मोबाइल काढू देत नाहीत. परवा अमावास्येला मीही त्यांच्यासोबत होतो. माझा थोरला भाऊ, दादा, पांढरा मफलर गुंडाळून शेजारच्या खुर्चीत पेंगत होता.

वहिनींनी शर्मिष्ठेच्या ताऱ्यांपासून बोटाने वाट दाखवली. "तिथे देवयानी दीर्घिका आहे, भाऊजी." मी डोळे ताणून बघितलं. नुसता काळोख.

"असं रोखून नका बघू. शेजारच्या ताऱ्याकडे बघा, लक्ष तेवढं तिच्यावर ठेवा."

तसं केलं, आणि आरशावर श्वास पडावा तसा एक धूसर ठिपका उमटला. अब्जावधी सूर्यांचा उजेड, पंचवीस लाख वर्षं चालत आलेला, आणि पाऊल किती हलकं. हरखून थेट पाहिलं, तर गेला. नजर बाजूला नेली, तर परत आला. एवढ्या अफाट गोष्टीने इतकं लाजाळू असावं, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"कांदेपोह्यांच्या वेळी," वहिनी म्हणाल्या. "मान वर करून बघायची सोय नव्हती. मी आपली खिडकीकडे बघत बसले, आणि आमचे हे पुरते दिसले."

मी हसलो. वहिनी अजून देवयानीकडेच बघत होत्या. तशाच बघत त्यांनी हात लांबवला आणि दादाच्या कानावरून घसरलेला मफलर नीट केला.