नसलेली कमान

हैदराबादच्या काचीगुड्यात आमचे नाना भर रस्त्यात वाकायचे. देव वगैरे काही नव्हता तिथे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक बुटकी दगडी कमान होती. रस्ता रुंद करताना ती पाडली, त्यालाही वर्षं लोटली. पण नाना सहा फूट उंच, आणि त्या कमानीने त्यांच्या कपाळाला कायमचं टेंगूळ दिलेलं. कमान गेली तरी ते तिथे आले की वाकायचेच.

आमच्या मराठी मंडळातर्फे ते दर रविवारी जुन्या वस्तीची फेरी काढायचे. मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा टांग्यांचा अड्डा. घोड्यांपासून जरा लांबून चला." आणि माणसं, काय सांगू, लांबून चालायची. मग कमान यायची, म्हणजे यायची नाही. "डोकं सांभाळा," नाना बजावायचे आणि सगळी वरात ओणवी होऊन गल्लीत शिरायची. कोपऱ्यावरचे चहावाले चाचा हसून बेजार व्हायचे. "नाना, कमान तो कब की गिर गई."

"हौ, गिरी तो गिरी. टेंगूळ है ना मेरे पास."

पुढे माणसं आटली. मंडळाचे सचिव म्हणाले, "नाना, दाखवायला काही उरलंच नाही, तर फेरी कशाला? या रविवारी दहा माणसं आली नाहीत तर बंद करू." नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मला सचिवांचा भयंकर राग आला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, याचा जास्त आला.

रविवारी आम्ही नऊच. तेवढ्यात पुण्याहून इथल्या कंपनीत आलेला एक उंच तरुण पत्ता विचारायला थांबला. नानांनी त्याला दहावा म्हणून धरलाच. तो बिचारा कमानीखालून ताठ मानेने आला. नाना धावले, त्याचं कपाळ चोळत म्हणाले, "फार लागलं का रे?" तो गोंधळला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "थोडंसं." पुढच्या रविवारी तो ऑफिसातली वीस माणसं घेऊन आला, आणि गल्लीच्या तोंडाशी नानांच्या आधी तोच म्हणाला, "वाका रे."

गेल्या वर्षी नाना गेले. आता फेरी मी काढते. पहिल्याच रविवारी बोलण्याच्या नादात मी गल्लीत सरळ चालत शिरले. मागे सगळे वाकलेले. चाचांनी हातातली किटली खाली ठेवली.

"क्या मॅडम, लगा ना?"

मी कपाळावर हात ठेवला. खरंच लागलं होतं.