नवरदेवाची गाडी

परवा संध्याकाळी अकोल्यात दवाखाना बंद करत होते, तेवढ्यात अमरावतीहून दादाचा फोन आला. "वैशाली, ते तुह्या मनातली लाल गाडी घेऊन टाक आता. काहून थांबून राहिली?"

मी खुर्चीत बसलेच. दोन सीटची स्पोर्ट्स कार हे माझं कॉलेजपासूनचं वेड... आणि दादा त्या वेडाचा सगळ्यात जुना विरोधक.

मी डॉक्टर झाले तेव्हा म्हणाला, आधी लग्न होऊ दे, मग घे. नवऱ्याच्या पसंतीची घेता येईल. लग्न काही झालं नाही... मग म्हणाला, आधी दवाखाना बांध. मग आधी अकोला-अमरावती रस्ता होऊ दे, नाहीतर गाडी खालून घासेल.

रस्ताही झाला. तेव्हा कळलं की पन्नाशीला आलेल्या बाईला असली गाडी शोभत नाही.

मीही थांबत गेले. आईबाबा गेल्यावर माहेर म्हणून दादाचंच दार उरलंय... गाडी त्या दारात उभी केली आणि तोच बघायला बाहेर आला नाही तर? ही भीती होती मला. म्हणून परवा त्याचे शब्द ऐकून हायसं झालं. उशिरा का होईना, समजलं याला, असं वाटलं.

मग तो म्हणाला, "मोनूच्या लग्नाआधी आली पाहिजे बरं. नवरदेव तिच्यातच बसन."

मोनू त्याचा मुलगा, माझा भाचा. लग्न वरूडला, संत्र्याच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे. आमच्याकडे नवरदेव कसा आहे हे लोक नंतर बघतात... आधी फुलं लावलेली गाडी कोणती, ते बघतात.

"दादा, दोनच सीट हायत तिले."

"मंग का झालं? एक मोनू, एक चालवणारा. त्याचा दोस्त चालवन."

"मी चालवीन ना."

तो हसला. "नवरदेवाची गाडी आत्या चालवते काय कुठं? लोक हासतीन. तू बसमंधी ये, बायाईसंगं."

रागावून नाही, लाडानंच म्हणाला. तेच जास्त लागलं. इतकी वर्षं न शोभणारी गाडी एका दिवसात शोभायला लागली होती... फक्त तिच्यात मी बसायचं नव्हतं. फोन ठेवला आणि रिकाम्या दवाखान्यात रडले, लपवत नाही.

काल सकाळी शोरूमला फोन करून गाडी बुक केली. तिकडचा माणूस खूश. म्हणाला, मॅडम, लाल रंग तयार आहे, पुढच्याच आठवड्यात देतो.

"नको," मी म्हटलं, "आधी लग्न होऊ दे, मग घेते."

बोलले आणि लक्षात आलं, वाक्य दादाचंच आहे. आयुष्यभर ऐकलं, पहिल्यांदाच उपयोगी पडलं.

दादा फेसबुकवर नाही, पण वहिनी आहे. ती ही पोस्ट वाचेल आणि त्याला सांगेल... सांगू दे.

वरूडला बसनंच जाणार आहे, बायांसोबत, खिडकीशी बसून. लग्न उरकलं की गाडी घेऊन दादाच्या दारात जाईन आणि हॉर्न वाजवीन. तो बाहेर आला तर बाजूची सीट त्याची... नाही आला, तर पर्स ठेवीन तिथे.