आचमनाचं पाणी

मंडळी, आज सकाळी बुधवाऱ्यात थोरल्या भावाकडे गेलो होतो. दादाला पार्किन्सन आहे. संध्येला शेजारी बसलो, तर त्याच्या तळहातावर पाणी टिकेना. मी म्हणालो, "दादा, हे आचमन आहे, अभिषेक नाही."

तो हसला नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "पंडित, तुझंही सांडतंय. कधीपासून?"

"थंडीमुळे असेल."

"वैशाखात? मीही दोन वर्षं असंच काहीबाही सांगत बसलो. उद्या माझ्यासोबत दवाखान्यात चाल."

हो म्हणालो. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी हात पुढे धरून बघतोय. बायको फेसबुकवर नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. जन्मभर संस्कृत शिकवलं, पण तिला सांगायला साधं मराठी वाक्य जुळत नाही. तुमच्यापैकी कुणी घरी असं सांगितलं असेल, तर सुरुवात कशी केलीत?